यादम्माचा परत आलेला लिफाफा

रजिस्टर्ड लिफाफा परत आला होता. वर पोस्टमनचा शेरा होता: ‘या पत्त्यावर राहत नाही.’ मी तो फाइलला टाचला.

हैदराबादेत, मागासवर्गीयांच्या हक्कांसाठी असलेल्या एका आयोगात मी सेक्शन ऑफिसर होतो. तक्रार ज्या खात्याविरुद्ध असे, त्याच खात्याकडे आम्ही ती खुलाशासाठी पाठवायचो. आलेला खुलासा तक्रारदाराला पाठवून पंधरा दिवसांत त्याचं म्हणणं मागवायचं. याला रिजॉइंडर म्हणतात. तो आला नाही, तर फाइल बंद.

यादम्मा अंबरपेठेतल्या एका सरकारी वसतिगृहात झाडूकाम करायची, तिथल्याच मागच्या खोलीत राहायची. स्वयंपाकघरातल्या माठाला हात लावला म्हणून वॉर्डनने तिला जातीवरून शिव्या दिल्या, कामावरून काढलं आणि खोलीही रिकामी करायला लावली. खात्याचा खुलासा एका ओळीचा होता: बाई स्वतःहून काम सोडून गेली.

महिनाअखेरीस निकाली फाइलींचा आकडा वर कळवायचा असे. सचिव टेबलाशी आले. “जोशीसाब, महिना खतम होरा. ये फाइल कायकू रखे?”

“लिफाफा वापस आया, सर.”

“तो? अपन भेजे ना? लिखो, बंद करो.”

मी लिहिलं, ‘तक्रारदारास स्वारस्य नाही. प्रकरण निकाली.’

तीन महिन्यांनी यादम्मा आली. प्लास्टिकच्या पिशवीत अर्जाची पोच जपून ठेवलेली. मी परत आलेला लिफाफा दाखवला. वरचा पत्ता तिने मला वाचायला लावला.

“ही हॉस्टेलची खोली, सार,” ती तेलुगूत म्हणाली. “तिथून हाकललं म्हणून तर अर्ज दिला.”

अर्ज काढला. सहीखाली जुना पत्ता होता, आधार कार्डावरचा. मजकुरात मात्र स्पष्ट लिहिलं होतं: सध्या तारनाक्याला बहिणीकडे राहते. घर नंबरासकट. मी फक्त सहीखालचं उचललं होतं.

एक नोट लिहिली असती, तर फाइल पुन्हा उघडली असती. पण त्या नोटेत चूक कोणाची, हेही लिहावं लागलं असतं. मला निवृत्तीला चार महिने होते.

“पत्ता बदलला तर कळवायचा असतो, अम्मा,” मी म्हणालो.

तिने हात जोडले. “चूक झाली, सार. माफ करा.”

“असू दे,” मी म्हणालो.

तिच्या जागी दुसरी बाई लागली. फाइल आजही बंद आहे. तिच्यातलं ‘तक्रारदारास स्वारस्य नाही’ हे वाक्य खोटं आहे आणि ते माझ्या अक्षरात आहे. त्या खुर्चीत आता जो बसत असेल, त्याने पत्ता उचलण्याआधी अर्ज वाचावा.