तो बॉल कोणाचा

मी घर सोडलं त्या सकाळी कॉलनीच्या बसस्टॉपवर आई रडत होती, माझे वडील नाना पत्र्याची ट्रंक धरून उभे होते आणि रस्त्यापलीकडे, ग्राउंडच्या कट्ट्यावर, निंबाकाका दोन माणसांना घेऊन चहा पीत बसले होते. मला वाटलं, आज तरी हा माणूस गप्प बसेल. वळणावर बस दिसली. मी आईच्या पाया पडलो, नानांच्या पाया पडलो आणि मागून आवाज आला, "फाटक चाललं रे गोव्याला! तिकडं तरी लावून घे सोताला!" कट्टा हसला. बसचा कंडक्टरही हसला, त्याला काय कळलं होतं देव जाणे. नाना हसले नाहीत. ट्रंक वर दिली आणि म्हणाले, "पोचल्यावर पत्र टाक."

एकलहऱ्याहून नाशिक रोडला पोचेपर्यंत मी एकच गोष्ट ठरवली. परत यायचं ते या कट्ट्याची जिरवायलाच.

हे मी कॉलनीत राहिलेल्यांसाठी लिहितोय आणि माझ्यासारखे जे चाकणला, वापीला, शारजाला गेले त्यांच्यासाठीही. तुम्ही म्हणाल, सुधाकर, इतक्या वर्षांनी हे काय उकरून काढलंस. तर मी काढणार. ज्या मॅचवरून मला ते नाव पडलं त्या दिवशी तुम्ही सगळे हसला होतात, मला एकेकाचं तोंड आठवतं.

नव्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आपल्या थर्मल वीजकेंद्राच्या कॉलनीत फुटबॉल आणला एका बंगाली साहेबांनी. ते बदलून गेले, टीम राहिली. आजूबाजूच्या गावांत सगळीकडे कबड्डी आणि क्रिकेट, आणि आमच्याकडे राखेनं करडा झालेला फुटबॉल. पाऊस ओसरला की जिल्ह्याची लीग सुरू व्हायची आणि तिच्या आधी एक सरावाची मॅच. खरी मॅच तीच, कारण ती संपली की पंचनामा व्हायचा. खेळाडूंनी बूट न काढता ग्राउंडवर ओळीनं बसायचं. बघे कट्ट्यावर. टर्बाइनचे फोरमन निंबाकाका मधोमध, दोन्ही बाजूंना फिटर, क्लार्क, कॉलनीच्या शाळेचे गुरुजी. एकेका खेळाडूचं नाव घ्यायचं आणि त्यानं काय घाण केली ते सगळ्यांदेखत सांगायचं. खेळाडूनं मध्ये बोलायचं नाही. शेवटी फक्त "मान्य" म्हणायचं. जो मान्य म्हणणार नाही त्याला लीगमध्ये जागा नाही. यात एकालाही कधी काही चुकीचं वाटलं नाही. एकदा एका साहेबांच्या मुलालाही रडेपर्यंत बोलले होते आणि साहेब शेजारी बसून मान हलवत होते.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा, आयटीआय झालेला, उजवा बॅक. नाशिक रोडची एक टीम सरावाला आली होती. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना त्यांच्याकडून एक उंच बॉल आमच्या गोलसमोर आला. मी त्याच्या खाली उभा होतो, डोक्यानं मारायला सहज आला असता. तेवढ्यात मागून आमचा गोलकीपर अशोक ओरडला, "सोड!" गोलकीपर सोड म्हणाला की बॅकनं सोडायचं, हे शाळेतल्या मुलालाही कळतं. मी सोडला. अशोक जागेवरच उभा. बॉल टप्पा पडून आत गेला. आम्ही एक-शून्यनं हरलो.

पंचनाम्यात अशोक म्हणाला, "मी ओरडलोच नाही." गोलकीपरला बोलायची मुभा कशी मिळाली ते विचारू नका. मी म्हणालो, ओरडला. मग निंबाकाका उठून उभे राहिले. ते मूळचे सटाण्याकडचे, बोलताना तिकडची भाषा मध्येच यायची. म्हणाले, "हाऊ बॅक नई शे. कोळशाच्या गाडीचं फाटक शे, ते बी कायम उघडं! बॉल आला का बाजूला होऊन म्हणतो, जा बाबा आत." सगळं ग्राउंड हसून लोळलं.

पण माझ्या बाजूनं एक साक्षीदार होता. नाना राख विभागात होते, ड्यूटी सुटली की मागच्या गेटनं यायचे आणि गोलच्या पाठीमागे, अशोकपासून दहा पावलांवर दगडावर बसायचे. अशोक ओरडला की नाही हे आम्हा दोघांशिवाय सगळ्या कॉलनीत एकट्या नानांना माहीत होतं. गुरुजींनी त्यांना विचारलं, "तुम्ही तिथंच होतात ना? बॉल कोणाचा, बॅकचा की कीपरचा?" नानांनी चप्पल काढली, तिच्यातली राख झटकली, परत घातली. आणि घरची वाट धरली.

मी मान्य म्हणालो नाही. असं करणारा मी पहिलाच. लीग गेली, टीम गेली आणि नाव पडलं. दूध आणायला गेलो तरी पोरं ओरडायची, "फाटक बंद करा रे!" नानांना कामावरही विचारायचे, तुमचं फाटक काय म्हणतं. घरी मी त्यांना एकदाच विचारलं. ते म्हणाले, "जेव गपचूप." पंधरा दिवसांत वास्कोच्या एका जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमधून वेल्डरच्या नोकरीचं पत्र आलं. आई म्हणाली, एवढ्या लांब कशाला, इथं थर्मलमध्ये चिकटशील. मी म्हणालो, इथं मेलो तरी राहणार नाही.

वास्कोनं मला काय नाही दिलं? खारट वारा दिला, सकाळी दारात येणाऱ्या पाववाल्या पोदेराचे पाव दिले, माशाच्या हुमणाची चव दिली. आमच्या घरी शेवग्याची आमटी आणि बाजरीची भाकरी, मासा म्हणजे लांबून बघायची गोष्ट. पहिले सहा महिने मी वासानंच उपाशी राहिलो, मग असा शिकलो की काटे कुत्र्यालाही उरेनात. वर्कशॉपची टीम होती. तिथं तर काय, लहान मूल चालायला लागतं तेच बॉलमागे. पहिलं वर्षभर मला नुसतं बूट सांभाळायला बसवलं. मी डावा पाय घासला, डोकं घासलं, पहाटे समुद्रावर वाळूत पळालो. वेल्डिंगचा मुखवटा तोंडावर घेतला की आत एकट्याला बोलता येतं. त्या मुखवट्याच्या आत मी रोज कट्ट्यासमोर उभा राहून भाषण करायचो.

एक गोष्ट मात्र तिथं जमली नाही. मॅच झाली की तिथले लोक पाठीवर थाप मारत म्हणायचे, "बरो खेळ्ळो रे!" जिंकलो तरी बरो खेळ्ळो, माझ्यामुळे दोन गोल खाल्ले तरी बरो खेळ्ळो, आणि चल पात्रांव, एक ग्लास घेऊ. मी आमचा कीपर पीटर याला एकदा म्हटलं, अरे, खरं सांग ना, मी कुठं चुकलो? तो म्हणाला, "कितें रे, खेळ तो. सोड." बिचारा सहज म्हणाला. मी त्या दिवशी त्याच्याबरोबर ग्लास घ्यायला गेलो नाही.

अकरा वर्षं गेली. मी लग्न केलं, सावंतवाडीकडची मुलगी, दोन मुली झाल्या, त्या आपसात कोंकणीत भांडतात. मी टीमचा कॅप्टन झालो आणि वर्कशॉपच्या करमणूक मंडळाचा सेक्रेटरी. दरवर्षी कामगारांची शिर्डी-त्र्यंबकची ट्रिप जायची. सेक्रेटरी झाल्याबरोबर मी ट्रिप सप्टेंबरात घेतली, गाडीत टीमचं किट टाकलं, पीटर आणि मंडळींना नाशिकच्या द्राक्षांचं आणि वाइनचं आमिष दाखवलं. सप्टेंबरात द्राक्षं नसतात हे त्यांना कुठं ठाऊक. एकलहऱ्याला निरोप धाडला की गोव्याची टीम सरावाची मॅच मागतेय. कोण घेऊन येतंय ते कळवलं नाही.

तीन-शून्यनं मारलं आम्ही. मी बॅकलाच खेळलो. चिमणी तीच, राख तीच, कट्ट्यावर निंबाकाका तेच, केस तेवढे पांढरे झालेले. निवृत्त झाल्यावर नाना-आई नाशिक रोडला दोन खोल्यांत राहायला गेले होते, पण सरावाच्या मॅचला नाना अजून रिक्षानं यायचे. ते गोलमागेच बसले होते. आणि समोरच्या टीमचा उजवा बॅक कोण होता? योगेश, निंबाकाकांचा धाकटा, वय वर्षं एकवीस. देव आहे असं मला त्या दिवशी वाटलं.

पाहुण्यांनाही पंचनाम्यात बोलायचा मान असतो. मी बूट घातलेलेच कट्ट्यावर चढलो. अकरा वर्षांचं भाषण होतं, ते मी योगेशवर रिकामं केलं. त्याला पाय किती आहेत इथपासून सुरुवात केली, त्याला बॅक कोणी केलं, घरातलं वजन वापरून केलं का, इथपर्यंत गेलो. पोराचे कान लाल झाले. मला वाईट वाटलं म्हणून लिहिलं तर तुम्हांला बरं वाटेल, पण नाही वाटलं. इतकं बरं मला लग्नातही वाटलं नव्हतं.

बोलून झालं आणि मी निंबाकाकांकडे बघितलं. ते मान हलवत होते. म्हणाले, "सगळं खरं शे. पण तू थोडक्यात सोडलं त्याला." आणि मग स्वतःच्या पोराला त्यांनी जे सोलायला घेतलं, ते माझ्या अकरा वर्षांत मला सुचलं नव्हतं. दुसरा गोल त्याच्यामुळे कसा, पहिल्या गोलला तो उभा कुठं होता, वळताना डावा खांदा आधी का पडतो. योगेश म्हणाला, "मान्य," आणि उठून पाणी प्यायला गेला. संपलं. माझा सूड त्यांनी रोजच्या कामात जमा करून टाकला.

"आता तू खाली बस," निंबाकाका मला म्हणाले. "तू बी खेळला ना?"

मी बसलो. का बसलो सांगता येत नाही, पाय आपोआप दुमडले. ते म्हणाले, "पहिला हाफ बेस. डावा पाय आता पाय झाला. दुसऱ्या हाफात दम गेला तुझा. दोनदा तुझ्या बाजूनं बॉल आत गेला, आमच्या येड्यांना मारता नाय आला म्हणून वाचला. अन् पोट सुटलंय. मासे कमी खा."

अकरा वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं की मी कसा खेळतो. हे लिहितानाही मला पेन खाली ठेवावं लागतं आणि त्याचाही मला राग येतो. पण मान्य म्हणेन तर मी कसला? मी म्हणालो, "आधी त्या बॉलचं सांगा." कोणता बॉल, असं एकानंही विचारलं नाही. सगळा कट्टा एकदम बोलायला लागला. गुरुजी म्हणाले, वाऱ्यानं फिरला होता. एक फिटर म्हणाला, तो कॉर्नर होता. चष्मा लागलेला अशोक गर्दीतून पुढं आला, "शपथ घेऊन सांगतो, मी ओरडलो नव्हतो." निंबाकाका म्हणाले, "फाटकच शे तू, रंग दिला म्हणून काय झालं." मी खाली राखेत बोटानं गोलपोस्ट आखला, मी इथं, अशोक तिथं, आणि आमची बस हॉर्न मारत होती, पीटर घड्याळ दाखवत होता. शेवटी मी नानांकडे वळलो. "नाना, तुम्ही सांगा. आता तरी सांगा."

सगळ्या कट्ट्यानं माना वळवल्या. नाना म्हणाले, "तुमच्या गाडीला उशीर हुईल. चहा घ्या समदे."

मी त्यांच्या पाया न पडता बसमध्ये चढलो.

त्यानंतर पाच वर्षं मी गेलो नाही. पैसे पाठवायचो, आईशी फोनवर बोलायचो, नानांना फोन द्यायला निघाली की ठेवून द्यायचो. वास्कोत माझं घर आहे, त्यावर माझं नाव आहे, गल्लीत सगळे मान देतात. पण त्या गावात असा एक माणूस नाही ज्याची जिरवावी असं मला वाटेल. असा माणूस नसला की गाव कितीही चांगलं असो, आपण तिथं भाड्यानंच राहतो. मी मुलींना एकदा तो बॉल समजावून सांगायला बसलो. धाकटी म्हणाली, "पप्पा, मग तुम्ही तेव्हाच विसरायचं ना."

गेल्या वर्षी स्वतः नानांचा फोन आला. ते आपणहून कधी करत नाहीत. म्हणाले, "निंबा गेला."  मग माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय गेला? "शेवटी काही म्हणाले का, त्या बॉलचं?"

"म्हनायचा. तुझाच व्हता म्हनायचा. हास्पिटलात बी म्हनला."

मला एकदम बरं वाटलं. वाकला नाही म्हातारा. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "नाना, आता तुम्ही एकटे उरलात. अशोक ओरडला की नाही?"

फोनवर खोकला आला, आईचं काहीतरी बोलणं आलं. मग नाना म्हणाले, "फोनवर नाय सांगत. तू ये, मंग सांगतो."

मी गेलो. चार दिवस राहिलो. कट्ट्यावर बसून आलो, नानांनी मला कांद्याची भजी खाऊ घातली, गावाकडे कळवणला नेऊन आमची जमीन दाखवली, सगळं बोलले, तेवढं सोडून. निघताना रिक्षात बसलो तर म्हणाले, "दिवाळीला ये. तवा सांगतो." दिवाळीला गेलो, तर म्हणाले गुढीपाडव्याला. मला सगळं कळतं, मी काही दूधखुळा नाही. या म्हाताऱ्यानं मला बरोबर धरून ठेवलंय आणि याचा सूड कसा उगवायचा ते मला अजून सुचलेलं नाही.