आमच्या कंपनीचा जन्म केव्हा झाला

विषय: आमच्या कंपनीचा इतिहास.
संदर्भ: श्री. भास्करराव यांचा अर्ज. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या कारखान्यात बॉयलरवर अ‍ॅस्बेस्टॉसचा थर देताना आपल्याला छातीचा आजार जडला, एवढं कंपनीनं लेखी मान्य करावं.

अर्ज मी लिहिला आहे. त्याच कारखान्याच्या ऑफिसात मी क्लार्क होतो, आणि निवृत्त क्लार्कला दुसरं काही लिहिता येत नाही. अर्ज रेंगाळला की किस्से साठत जातात. त्यातले थोडे सांगतो.

*

आमची कंपनी सारखी विकली जायची. आधी संस्थापकाच्या नातवानं विकली, मग अमेरिकनांनी; आता हेड ऑफिस ब्रॅकनेलला आहे. दर वेळी गेटवर नवं नाव लागायचं आणि प्रत्येकाला त्या नावाचा कॉफी-मग मिळायचा. यंत्रं, फोरमन आणि कँटीनचा चहा तोच राहायचा.

भास्कररावांच्या घरी ते मग ओळीनं मांडलेले पाहून मी कौतुक केलं. वहिनी म्हणाल्या, "अजून एकदा विकू द्या, म्हणजे पाहुण्यांपुरता सेट होईल."

*

बॉयलर शॉपमध्ये पांढरी धूळ उडायची. ख्रिसमसच्या सुट्टीआधी रॉन नावाचा फोरमन ती ओंजळीनं उधळायचा आणि म्हणायचा, "स्नो, लॅड्स." भास्कररावांनी आयुष्यातला पहिला बर्फ तो पाहिला.

वहिनी त्यांचा ओव्हरऑल मागच्या दारी झटकायच्या. "पिठाच्या गिरणीत लागलात की काय?" त्यांनी एकदा विचारलं.

"गिरणीत निदान पीठ मिळतं," भास्करराव म्हणाले.

*

रॉन रिटायर झाल्यावर फार जगला नाही. तोही छातीनंच गेला. फ्युनरलला कंपनीकडून फुलं आली, त्यावर कंपनीचं सगळ्यात नवं नाव. रॉनची बायको हळूच माझ्याजवळ आली आणि विचारू लागली, "हे लोक कोण?"

*

मागच्या वर्षी कंपनीनं स्वतःच्या इतिहासाचं गुळगुळीत पुस्तक काढलं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: संस्थापकाच्या शेडपासून आजपर्यंतची अखंड परंपरा. भास्कररावांची नात रिया ते स्टॅनमोरहून घेऊन आली.

"आजोबा, तुमचा फोटो आला आहे. फुल पेज."

बॉयलरपाशी भास्करराव हसत उभे होते, डोक्यापासून बुटापर्यंत पांढरे. खाली एक ओळ: 'आमचा वारसा'.

भास्कररावांनी बराच वेळ निरखून पाहिलं. "इंग्लंडमध्ये एवढाच एकदा गोरा दिसलो," ते म्हणाले.

*

अर्जाचं पहिलं उत्तर त्यानंतर लगेच आलं. आपण म्हणता ती कंपनी निराळी होती, ती बंद झाली. त्या काळी आमची कंपनी अस्तित्वातच नव्हती. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

भास्कररावांनी नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी केली. "क्लार्कसाहेब, त्यांना विचारा, मग मी कुणाच्या बॉयलरपाशी उभा आहे?"

"हळू बोला," वहिनी म्हणाल्या.

प्रश्न मी सभ्य भाषेत लिहून पाठवला. उत्तर नाही.

*

गेल्या आठवड्यात ब्रॅकनेलहून पत्र आलं, पण दुसऱ्याच डिपार्टमेंटचं. तो फोटो मोठा करून रिसेप्शनच्या भिंतीवर लावायचा आहे. आमचे ज्येष्ठ माजी सहकारी म्हणून आपली संमती हवी.

भास्कररावांना आता शब्दाशब्दाला थांबावं लागतं. "लिहा," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "संमती आहे."

मी तसं लिहिलं. आलेल्या पत्राची एक प्रत, 'आमचे ज्येष्ठ माजी सहकारी' याखाली रेघ मारून, मूळ अर्जाला जोडून पाठवली. अर्ज विचाराधीन आहे.