मुलुंडच्या डोंगरावरची फोडशी

कुंडलिक परब या माणसाचा मला पहिल्या दिवसापासून राग यायचा, आणि तरीही दर रविवारी सकाळी सात वाजता मी मुलुंड कॉलनीच्या शेवटच्या बसस्टॉपवर त्यांची वाट बघत उभी असायची. माझं नाव क्षमा. पण ते फक्त रेशनकार्डापुरतं, असं आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात आणि ते खरं आहे.

परबकाकांनी मरोळच्या एका कारखान्यात तीस वर्षं टर्नर म्हणून काढली. वडील गिरणीत, गाव देवगडकडचं. रिटायर झाल्यावर लोक देवळात जातात, हे घरामागच्या डोंगरावर जायला लागले आणि रानफुलं ओळखायला शिकले. कारखान्यातलं भिंग गळ्यात अडकवलेलं, खिशात छोटी डायरी. त्यात कुठल्या दगडापाशी कुठलं फूल कोणत्या तारखेला दिसलं ते लिहिलेलं. आम्ही पंधरा-वीस जण त्यांच्या मागून चालायचो. भारंगी, तेरडा, चवर, सोनकी, ते बोट दाखवायचे आणि आम्ही फोटो काढायचो. नाव सांगून झालं की पुढे ‘शंभर टक्के’ असा शिक्का. आणि एक कायदा : बघा, वाका, वास घ्या, पण तोडायचं नाही आणि उपटायचं तर मुळीच नाही. एकदा एका पोरीने तेरड्याचं एक फूल केसात खोवलं, तर काका परतीच्या वाटेवर तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

जूनच्या शेवटच्या रविवारची गोष्ट. त्या दिवशी फुलं फारशी नव्हती. कातळाच्या उतारावर मात्र लांब, हिरव्यागार पात्यांचे झुबके वर आले होते. ग्रुपमध्ये नवीन आलेल्या मानसी सावंतने विचारलं, “काका, हे काय?”

“फोडशी,” काका वाकलेसुद्धा नाहीत. “शंभर टक्के. पावसाळा सुरू झाला की आमची आवस, म्हणजे आई, हीच भाजी रांधायची. कांदा, चण्याची डाळ आणि वर खोबरं. काय सांगू तुला!”

मानसी मूळची नागपूरची. लग्न होऊन कांजूरमार्गला आलेली. फोडशी तिने फक्त ऐकली होती, ती सासऱ्यांच्या तोंडून. “आमचे तात्या दरवर्षी आठवण काढतात हो. बाजारात मिळत नाही म्हणून चिडतात. हृदयाचा त्रास आहे, स्वतःला हिंडवत नाही.”

“बघायची. तोडायची नाही हां,” काका म्हणाले आणि पुढे निघाले.

मानसी बुटाची नाडी बांधायला मागे थांबली. ती परत आली तेव्हा तिची कापडी पिशवी फुगलेली होती. मी पाहिलं आणि गप्प बसले. एवढी तोंडाळ मी, त्या दिवशी नेमकी गप्प बसले. म्हटलं, म्हाताऱ्यासाठी नेतेय, जाऊ दे.

घाटकोपरला घरी आले, आंघोळ केली आणि ग्रुपवर टाकायला फोटो निवडायला बसले. तेव्हा साडेअकरा वाजले होते. त्या कातळाचे जुने फोटो आहेत का म्हणून मागे जात गेले. मे महिन्याचा एक रविवार निघाला. तोच उतार, तोच शेंदरी डाग असलेला दगड. पण पातं एकही नाही. कोरड्या मातीतून नुसते दांडे वर आलेले आणि त्यांना मळकट पांढरी बारीक फुलं. खाली मीच टाइप केलं होतं : ‘रानकांदा. परबकाका, शंभर टक्के.’ आणि त्याखाली काकांचंच वाक्य : ‘याला आधी फूल, नंतर पानं. विषारी आहे, हृदयावर काम करतो.’

त्याच जागी महिन्याभराने पानं आली होती, आणि ती आम्हाला फोडशी म्हणून दाखवली गेली होती.

काकांना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग, “नाही गो. फोडशीच ती. मी काय आज बघतोय?”

“मेमध्ये तिथे काय बघितलंत ते डायरीत वाचा.”

“दोन्ही असू शकतात एका जागी.”

“असू शकतात ना? मग शंभर टक्के कसले?” मी ओरडले. “मानसी पानं घेऊन गेलीय काका. पिशवी भरून. मी पाहिलंय.”

हे बोलत होते तेवढ्यात मोबाइलवर ग्रुपचा मेसेज चमकला. मानसीचा फोटो. चाळणीत धुऊन ठेवलेली चिरलेली पानं. ‘सॉरी काका, थोडी आणली! आज तात्यांच्या ताटात फोडशी.’ आणि पाठोपाठ एक हसरा चेहरा.

काकांनीही तो पाहिला असणार. ते एवढंच म्हणाले, “तिच्या सासऱ्यांना हृदयाचा त्रास आहे ना गो?” आणि मी हो म्हणायच्या आत फोन ठेवून दिला.

मी मानसीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मेसेज टाकला, ‘खाऊ नका, थांबा’. दोन टिक आल्या, पण निळ्या होईनात. ग्रुपची नोंदवही माझ्याकडे असते. त्यात तिने संकटकाळासाठी नवऱ्याचा नंबर दिलेला. नितेश विमानतळावर माल चढवणाऱ्या खात्यात, तिथे आत जाताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. बंद. पत्ता होता : कांजूर पूर्व, सी विंग, सातवा मजला. मी ओल्या केसांनी, घरातल्याच चपला घालून खाली धावले आणि रिक्षात बसले.

“हायवेने घ्या. लवकर.”

विक्रोळीला सिग्नल लागला. बारा वाजून चार मिनिटं. रविवारी लोक कधी जेवतात? आमच्याकडे एक वाजता. पण म्हातारी माणसं, औषधाच्या वेळा सांभाळणारी, ती बाराच्या ठोक्याला बसतात. मी मानसीला सतरावा फोन लावत होते आणि रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. “बाई, कोण आजारी आहे का?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “अजून नाही.” त्याने सिग्नल सुटायच्या आधीच रिक्षा काढली.

तेवढ्यात काकांचा फोन आला. धापा टाकत होते. डोंगर त्यांच्या घरामागेच आहे, पण अडुसष्टाव्या वर्षी ते उतारावर धावत गेले होते. हातात घरातला स्क्रू ड्रायव्हर. तेवढ्यानेच कातळाच्या भेगेतली माती उकरली होती.

“फोडशीला मुळाशी कांदा नसतो,” ते म्हणाले. “जाडसर मुळं असतात, बस. आणि हेका...” त्यांना पुढे बोलवेना. “कांदो आसा गो क्षमा. हा एवढा कांदो.”

दहा वर्षं त्यांनी एक रोप उपटलं नव्हतं. कुणाला उपटू दिलं नव्हतं. सकाळी वाकून एक रोप खेचलं असतं तर दोन सेकंदात कळलं असतं. पण आम्ही चांगली माणसं ना! आम्ही फक्त बघतो.

लिफ्ट पाचव्या मजल्यावर अडकलेली. मी जिना चढले. सी विंग, सातवा मजला, सावंत. बेलवरून बोट काढलंच नाही. मानसीने दार उघडलं, हातात भाजीचा डाव. तिच्या खांद्यावरून मला आतलं टेबल दिसलं. तात्या बसले होते, समोर भाकरी, आणि ताटातल्या हिरव्या भाजीला एका बाजूने खळगा पडलेला.

“ताट उचल,” मी म्हटलं. “आधी ताट उचल. ती फोडशी नाही.”

मानसी दार धरून ‘काय झालं?’ विचारत राहिली. मग मीच आत गेले आणि त्या अनोळखी म्हाताऱ्याच्या पुढ्यातून ताट ओढलं. त्यांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं. किती खाल्लं म्हणून विचारलं तर तीन बोटं दाखवली. तीन घास. मानसी त्यांना वाढून मग स्वतः बसणार होती. तिचा मोबाइल बेडरूममध्ये चार्जिंगला, आवाज बंद.

जवळच्या हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत तात्यांना एकदा उलटी झाली. छातीला वायरी लावल्या. तरुण डॉक्टरीण बाई म्हणाल्या, ठोके मंद आहेत, वनस्पती नक्की कोणती ते कळलं तर बरं. त्याच वेळी काका आत आले. कोपरापर्यंत मातीने माखलेले, हातात पानांसकट उपटलेला तो कांदा. त्यांनी तो टेबलावर ठेवला.

“रानकांदा,” ते म्हणाले. शिक्का मारला नाही.

“खायला योग्य आहे असं कुणी सांगितलं होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“मीच, माझ्या मनाने आणलं,” मानसी घाईने म्हणाली.

“मी सांगितलं,” काका म्हणाले. “कुंडलिक परब. लिहून घ्या.”

मला त्या क्षणी त्यांना चार शब्द सुनावायचे होते, रिक्षात जुळवून ठेवलेले. ते तसेच ठेवून मी त्यांना बसायला जागा केली. आम्ही तिघं बाकड्यावर बसून राहिलो. नितेश चार वाजता धावत आला. त्यालाही काकांनी उठून उभं राहून तेच सांगितलं, आणि तो काय म्हणेल याची वाट बघत मान खाली घालून उभे राहिले. तो त्यांना वळसा घालून डॉक्टरांकडे गेला. ते जास्त वाईट होतं. दर तासाला नर्स ठोके सांगायची. अठ्ठेचाळीस. शेहेचाळीस. पाच वाजता पन्नास. सहा वाजता बासष्ट झाले आणि डॉक्टर म्हणाल्या, आता काळजी नाही, पण उद्यापर्यंत ठेवून घेऊ.

आम्हाला दोन-दोन मिनिटं आत सोडलं. मानसी रडतच गेली. “तात्या, माझं चुकलं. मला ओळखता आली नाही.”

“माका इली गो ओळखूक,” तात्या हळूच म्हणाले. “पयल्याच घासाक कळला, ही फोडशी न्हय. कडू जहर होती.”

मानसीचं रडं थांबलं. “मग खाल्लीत कशाला?”

“तू समोर उभी रवलंस. कशी झालीय तात्या, कशी झालीय तात्या.” ते दम खायला थांबले. “एवढ्या हौसेन कोणी माझ्यासाठी भाजी केलेली? ही गेल्यापासून कोणीच नाय.”

मानसीने त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं. परबकाका पलंगाच्या पायथ्याशी उभे होते.

“आणि घंटी वाजली नसती तर?” त्यांनी विचारलं.

तात्यांनी सुनेच्या केसांवर हात ठेवला. “मग सगळी संपवली असती,” ते म्हणाले.