जादूचा पंखा

आमचे हे वीज कंपनीत आहेत असा शेजाऱ्यांचा ठाम समज आहे. दिवे गेले की सगळे आमचंच दार वाजवतात. खरं सांगायचं तर ह्यांनी जन्मात एक बल्ब धड बदललेला नाही, स्टुलावर मीच चढते. ह्यांचं काम सरकारी कचेरीत, संगणकावरचं. पुढची पन्नास वर्षं वीज कशापासून करायची, कोळसा किती, ऊन किती, वारा किती, आणि हवेतला कार्बन ठरल्या रेषेच्या वर कसा जाऊ द्यायचा नाही, याचं गणित. त्यातून सगळ्यांत स्वस्त वाट शोधायची. लग्न झालं तेव्हा हे तेच करत होते, आता मुलगी कॉलेजात गेली तरी तेच.

या गणिताची एक खोड आहे. रेषा फार खाली आणली की ते हात टेकतं. ‘उत्तर नाही’ म्हणतं आणि गप्प बसतं, कुठे अडलं ते काही सांगत नाही. म्हणून ही गणितवाली मंडळी त्यात एक खोटं यंत्र घालून ठेवतात. ह्यांच्या यंत्राचं नाव जादूचा पंखा. हवेतून हवा तेवढा कार्बन ओढणारा आणि जगात कुठेच नसलेला. किंमत अशी अवाच्या सवा लावायची, की दुसरा कुठलाच उपाय उरला नाही तरच गणित त्याला शिवेल. पंखा फिरला तिथे आपलं अडतंय, हे कळतं. कळलं की तो काढून टाकायचा आणि मगच उत्तर बाहेर द्यायचं.

यंदा सरकारचा नवा आराखडा करताना ह्यांनी तो काढला नाही. साहेबांचे फोनवर फोन चालले होते, आणि एवढ्या महाग वस्तूला गणित हात लावणार नाही, असं ह्यांनी गृहीत धरलं. पण चाळीस वर्षांनंतरचा खर्च गणितात आज अगदी किरकोळ धरतात. हा नियम ह्यांनीच सगळ्या कचेरीला शिकवलेला! दूरच्या वर्षांत पंखा जवळजवळ फुकटात पडला. गणिताने कोळशाची केंद्रं तशीच धडधडत ठेवली आणि सगळा कार्बन त्या पंख्याच्या गळ्यात मारला. साहेबांनी नाव तेवढं बदलून ‘प्रगत वायुशोषण केंद्र’ केलं आणि आराखडा छापायला धाडला.

छापलेली प्रत घरी आली त्या दुपारी मी चहा घेऊन गेले, तर हे पांढरेफटक पडले होते.

"अगं, पंखा आतच राहिला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी पंखा काढून गणित पुन्हा चालवलं. कोळशाची केंद्रं याच वर्षापासून बंद करायला घेतली तरच उत्तर येत होतं. एरवी उत्तर नाही. ह्यांनी ऊन वाढवून पाहिलं, वारा वाढवून पाहिला, लोकांची वीज कापून पाहिली. जेवायला बसले तरी घास हातातच राहायचा. मला ह्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

"मग सांगा ना जाऊन साहेबांना," मी म्हटलं. "की मी येऊ?"

"सांगितलं. म्हणतात, केंद्रं बंद करा असं मी मंत्र्यांना सांगू? मला घरी बसायचं नाहीये."

"मग तुम्हीच सांगा मंत्र्यांना."

आराखड्यावर सही करायला मंत्र्यांची बैठक झाली. तिथलं सगळं मला ह्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी फोनवर सांगितलं. सही व्हायच्या आधी हे उभे राहिले. जन्मात चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस! म्हणाले, "साहेब, हे यंत्र अस्तित्वातच नाही. गणित अडू नये म्हणून मी ते बनवलं होतं. कृपा करून यावर सही करू नका."

मंत्री ओरडले असते तर बरं झालं असतं, बाई म्हणाल्या. ते हसले. "आज नाही, मान्य. पण चाळीस वर्षं आहेत ना? तुमच्यासारखी हुशार माणसं आहेत. शोधाल की!" सगळे हसले. सही झाली. केंद्रांना आणखी तीस वर्षांची मुदत मिळाली, आणि ह्यांना काम मिळालं, त्या पंख्यांसाठी जागा कुठे राखायची ते ठरवायचं.

हे घरी आले आणि पायातले बूट न काढताच खाटेवर बसले. मी पाणी दिलं, ते तसंच हातात धरून ठेवलं.

"नोकरी सोडा," मी म्हटलं. "खड्ड्यात गेले ते सगळे."

"मी सोडली तर दुसरा कोणी बसेल. तो पंखा आणखी स्वस्त करील." मग पेला तसाच खाली ठेवला. "त्यांना ठाऊक आहे गं. सगळ्यांना ठाऊक आहे. चाळीस वर्षांनी पंखा कुठेय म्हणून विचारायला कुणी आलं, तर त्यांच्यातला एकही नसेल. मीही नसेन."

मुलगी दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"मी असेन ना, बाबा," ती म्हणाली.

ह्यांनी मान वर केली नाही. मी खाली बसले आणि ह्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.