मेजरांची गाडी दम सोडते

शिरवळच्या वर्कशॉपमध्ये मी लागले तेव्हा पाना हातात घेणारी मी एकटीच मुलगी होते. आणखी एक होती, पण ती काउंटरवर बसून गाड्यांची नोंद करायची आणि गिऱ्हाइकांना फोन लावायची. कामावरची पोरं वाईट नव्हती. फक्त मी जवळ गेले की त्यांचं बोलणं बदलायचं, कधीकधी थांबायचं. म्हणून दुपारचा डबा मी स्पेअर पार्टच्या खोलीत, खोक्यांमध्ये जागा करून खायचे. भाड्याच्या खोलीवरही तेच. माझी जोडीदारीण कारखान्यात पाळीवर जायची. मी घरी तेव्हा ती कामावर, ती घरी तेव्हा मी. दोरीवरचा तिचा गणवेश आणि मोरीत पालथा घातलेला डबा एवढीच आमची भेट. आष्ट्याहून आईचा फोन यायचा. त्यात ‘जेवलीस का’ आणि एखादं स्थळ, याखेरीज फारसं काही नसायचं.

मेजर पहिल्यांदा आले ते उन्हाळा सुरू होताना. साताऱ्याच्याही पलीकडे, मेढ्याच्या वर डोंगरात त्यांचं घर. ते खरोखरच मेजर होते का, हे कुणी विचारलं नाही. आमच्या भागात फौजेतून परतलेल्या माणसाला मेजरच म्हणतात. गाडी डिझेलची, पांढरी, जुनी, पण रोज पुसलेली दिसत होती.

“चढाला लागली की दम सोडतीया,” ते म्हणाले. “पाय पार दाबला तरी वढत न्हाई. थांबवून घटकाभर गार केली, की पुन्ना झ्याक.”

आम्ही गाडीला स्कॅनर लावला. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये एकही दोष नोंदलेला नव्हता. डिझेल फिल्टर बदलला, हायवेला एक चक्कर मारली. गाडी सुरळीत पळाली. मेजर घेऊन गेले आणि थोड्या दिवसांनी परत आले. तीच तक्रार. पुन्हा तपासलं, पुन्हा काही नाही. मग ते येतच राहिले.

गिऱ्हाइकांसाठी टीव्ही लावलेली गार खोली होती, पण ते तिथे बसत नसत. माझ्या कामाच्या जागेजवळ प्लास्टिकची खुर्ची ओढून बसायचे. कधी पिशवीत पेरू असायचे, कधी घरचे तांदूळ. बायको जाऊन दोन पावसाळे झाले होते. मुलगा बंगळुरूला. “घरात बोलायला कुत्रं हाय, पर त्ये उत्तर देत न्हाई,” असं एकदा म्हणाले आणि स्वतःच हसले. त्यांच्याशी बोलताना माझ्या तोंडात आपोआप आष्ट्याची बोली यायची. एरवी वर्कशॉपमध्ये मी जपून, पुस्तकी बोलायचे.

पोरांनी निदान कधीच करून टाकलं होतं. “गाडीला काय न्हाई गं. म्हाताऱ्याला करमत न्हाई. साताऱ्यात गॅरेज कमी पडली व्हय, हितवर यायला?” खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. आणि मला ते चालत होतं.

एका दुपारी ते पुन्हा दारात उभे राहिले तेव्हा सुपरवायझर कंटाळले. “चहा पाज, गाडी धुऊन दे आणि पाठव,” म्हणाले. मी म्हटलं, स्कॅनर लावूनच खंबाटकीचा घाट चढून बघते. त्यांनी हात झटकला. “जा. तेवढंच त्यांना बरं वाटेल.”

मेजर चालवायला बसले, मी शेजारी, मांडीवर स्कॅनर. खंडाळा मागे पडला, घाट सुरू झाला. पडद्यावर आकडे हलत होते: इंजिनातल्या पाण्याचं तापमान, हवेचं, डिझेलचं. सगळे जागच्या जागी. गाडी तक्रार न करता वर गेली. घाटमाथ्यावर मेजरांचा चेहरा उतरला.

“तू हाईस म्हणून गप बसलीया,” ते म्हणाले. मग रस्त्याकडे बघत हळूच, “चल, सोडतो तुला माघारी.”

आम्ही खाली सुरूरला वळलो आणि बोगद्यातून परत आलो. बोगद्याबाहेर पडल्यावर रस्ता सरळ शिरवळला जात होता. पण त्यांचा तो आवाज माझ्या कानातून जाईना. म्हटलं, “आवं मेजर, अजून एक डाव चढूया. आता इंजिन चांगलं तापलंय.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या फाट्याला गाडी वळवली.

दुसऱ्यांदा घाट निम्मा चढलो असू. एकाएकी गाडीचा जोर गेला. मेजरांनी पाय पार खाली दाबला, तरी गाडी नुसती रांगायला लागली. मागचा ट्रक हॉर्न वाजवत राहिला. मी पडद्यावर बघितलं. पाण्याचं तापमान होतं तिथेच. पण डिझेलचा आकडा पंचावन्नवरून एका क्षणात एकशे वीसवर गेला होता. तापत तापत नाही, उडी मारून.

“कडेला घ्या!” मी ओरडले.

बॉनेट उघडलं. डिझेलच्या पाइपवर अंदाजाने बोट टेकवलं, मग मूठ धरली. पाइप कोमट होता, हात ठेवून राहता येत होतं. एकशे वीस असतं तर कातडी सोलली असती. म्हणजे डिझेल ठीक होतं, त्याचं तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलत होता. तो सांगेल ते कॉम्प्युटर खरं मानत होता आणि इंजिन वाचवायला जोर कमी करत होता. आकडा सेन्सर दाखवू शकतो त्या मर्यादेतलाच असल्यामुळे सेन्सरचा दोष म्हणून नोंदही होत नव्हती. सेन्सरचा प्लग हलवून बघितला, वायर चाचपली. आकडा ढिम्म. म्हणजे वायर नाही, सेन्सरच.

“दिसलं का?” मेजर माझ्या खांद्यावरून वाकून विचारत होते. “दिसलं न्हवं?”

“दिसलं. खराबी खरी हाय, मेजर.”

ते कठड्यावर बसले. गाड्या शेजारून जात होत्या, त्या आवाजात त्यांचं बोलणं मला जवळ जाऊन ऐकावं लागलं.

“पोरगं फोनवर म्हणतंय, बाबा, गाडी ठीक आहे, तुम्हालाच तसं वाटतंय. मलाबी वाटाय लागलं हुतं, डोकं फिरलं आपलं. येकट्याला कुणाला इचारायचं, मला वाटतंय त्ये खरं हाय का म्हणून?”

मी त्यांच्याशेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळाने गाडी गार झाली, आकडा खाली आला आणि आम्ही परतलो.

वर्कशॉपमध्ये सेन्सर काढला. कॅन्टीनमधून स्टीलच्या ग्लासात उकळतं पाणी आणलं. त्यात आधी नवा सेन्सर बुडवून मीटर लावला, तर तो तापेल तसा रेझिस्टन्स सावकाश उतरला, उतरायला हवा तसा. मग जुना बुडवला. थोडा वेळ तोही नीट उतरला आणि मग एकदम घसरला, म्हणजे तापमानाचा आकडा एकदम वर. पोरं भोवती जमली होती. मेजर मागे हात बांधून उभे होते. कुणी हसलं नाही.

नवा सेन्सर बसवून आम्ही दोनदा घाट चढलो. काही झालं नाही. अंधाराआधी पोचायचं म्हणून मेजर चहासुद्धा न घेता निघाले. खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, तो वळणापर्यंत दिसत होता.

त्यानंतर ते आले नाहीत. पाऊस होऊन गेला, दिवाळी झाली. मी दाराशी पांढरी गाडी आली की मान वर करायचे, मग ती सवय मोडली. एक दिवस काउंटरवरची मुलगी सर्व्हिसिंगची आठवण करणारे फोन लावत होती. मेजरांचा नंबर आला तेव्हा मी म्हटलं, मी बोलते.

“गाडी लय झ्याक हाय,” ते म्हणाले. आवाज ओळखून खूश झाले होते. “परवा कास पठारावर गेलो, येकदाबी अडली न्हाई.”

“सर्व्हिसिंगला आणताय ना?”

“साताऱ्यातच करून घितलं, पोरी. आता काय खराबी न्हाई, मग उगा एवढ्या लांब कशाला.”

“बरोबर हाय,” मी म्हटलं. होतंच बरोबर.

त्यांच्याकडे कुत्रं भुंकत होतं. “जेवलीस का?” त्यांनी विचारलं. दुपारचे चार वाजले होते. मी हो म्हटलं. “बरं मग, ठिवू?” “ठेवा, मेजर.”

“काय म्हणाले?” मुलीने विचारलं.

“गाडी चांगली चाललीये.”

“मग कॉम्प्युटरवर तक्रार बंद करून टाकू?”

“कर,” मी म्हटलं. माझ्या लिफ्टवर एक गाडी चढवून ठेवली होती, ऑइल गळत होतं. मी हातमोजे घालून तिच्याखाली गेले.