थोरलीची हाक

माझ्या आत्याच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नसे. जेवायला बोलवायचं तर आत्या उलथनं घेऊन परात बडवायची. परात वाजली की ताटावर येऊन बसायचं, नाही आलात तर तुमचं तुम्ही बघा. दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, गल्लीच्या टोकाला क्रिकेट खेळत असला तरी ती दारातून ओरडायची नाही. पदर खोचून चालत जायची, त्याच्या पाठीत एक धपाटा घालायची आणि मुकाट्यानं परत यायची. तो मागोमाग पाय ओढत. आमच्या नांदेडच्या घरात साधं मीठ मागायचं तरी ओरडूनच, त्यामुळे मला या प्रकाराची फार गंमत वाटायची. मी म्हणायचे, "आत्या, हे घर हाय का शाळा? घंटा झाली की सुट्टी." ती नुसती हसायची.

अकरावीला मला तिच्याकडे लातूरला आणून टाकलं होतं. आमच्या भागात पोरीला दहावीला बरे मार्क पडले की घरच्यांना ती डॉक्टर झालेलीच दिसते, आणि डॉक्टर व्हायचं तर लातूरच्या क्लासला जायचं, हे आकाशातून ठरून आल्यासारखं असतं. आत्या त्याच क्लासच्या पोरांना डबे करून द्यायची. आतोबा नोकरीनिमित्त बाहेरगावी असायचे. घरात सकाळपासून फोडणीचा वास, दारात डब्यांची रांग आणि आतल्या खोलीत दादा आणि मी, मांडीवर प्रश्नसंच. प्रश्नसंचाच्या आत दुसरंच पुस्तक.

ते पुस्तक दादाला एका मोठ्या पोरानं खोली सोडताना दिलं होतं. उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक, मुखपृष्ठ फाटलेलं. सात भागांची मालिका होती आणि तेव्हा पाचच बाहेर आले होते. डोंगरातलं एक राज्य, राजा मेलेला, गडावर त्याची दोनच लेकरं राहिलेली: थोरली बहीण आणि धाकटा भाऊ. पहिल्याच भागात बाजारात मीठ विकणारी एक वेडसर बाई त्या थोरलीचा हात धरून तिला तीन ओळी सांगते. त्या ओळींचं मी मराठी केलं होतं, ते अजून पाठ आहे.

थोरली हाक मारील, धाकटा येणार नाही.
सकाळी दगडावर दगड राहणार नाही.
वंश मात्र राहील.

झालं. या तीन ओळींनी आमची बारावी खाल्ली. धाकटा येणार नाही, पण का? फोनवर आमच्यासारख्या खुळ्यांचा एक ग्रुप होता, औरंगाबादपासून अमरावतीपर्यंतची पोरं त्यात. अभ्यासाचा चकार शब्द कुणी बोलायचं नाही. एक गट म्हणायचा, पोरगा फितूर झालाय, दुसऱ्या भागात तो शत्रूच्या घरची भाकर खातो ते बघा. दुसरा गट म्हणायचा, फितूर कसला, तो केव्हाच मेलाय आणि आता गडावर फिरतोय तो तोतया. पुरावा काय, तर पहिल्या भागात धनुष्य डाव्या हातानं ओढतो आणि चौथ्यात उजव्या. दादाचं म्हणणं तिसरंच. घंटेच्या मनोऱ्यात कोंडला होता तेव्हा पोरगा बहिरा झाला, त्याला हाक ऐकूच जाणार नाही. यावर तो कुणाचं काही ऐकून घ्यायचा नाही. मी म्हणायचे, बहिरा तूच हाईस. आमची भांडणं अशी पेटायची की दोन-दोन दिवस अबोला.

एकदा आत्या पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. "काय रं एवढं भांडायलाव? वाटणी चाललीय का?"

मग आम्ही तिला गोष्ट सांगितली. त्या दिवसापासून रोज, ती भाकरी थापायची आणि आम्ही चुलीजवळ बसून सांगायचो. गडाची आम्ही गढी केली, कारण गढी तिनं पाहिलेली होती. गोष्टीत उडते लांडगे होते, त्यांचं तिला काही नवल वाटलं नाही, तिनं फक्त विचारलं, "एवढ्यांला खायला काय घालतेत?" ज्या बाईला रोज पन्नास पोरांचे डबे भरायचेत तिला दुसरं काय सुचणार! पण त्या तीन ओळी सांगितल्या तेव्हा तिनं आम्हाला त्या पुन्हा म्हणायला लावल्या. भाकरी उलटली, तव्यावर पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "गढीत निजलाच नसंल त्यो. बाहीर निजला आसंल. आला न्हाई म्हनूनच वाचला."

दादा पोट धरून हसला. "आई, बाहेर फौज येऊन बसलीय, आन् हा बाहेर झोपणार?"

"फौज कुठं म्हनली ती बाई? सकाळी दगडावर दगड राहनार न्हाई, एवढंच म्हनली."

जगातल्या सगळ्या वाचणाऱ्यांनी त्या ओळीत लढाई वाचली होती. दगड पडायचे तर तोफा हव्यात, दारूगोळा हवा, असं आम्हाला वाटायचं. माझी आत्या मूळची किल्लारीची. दगड पडायला तोफ लागत नाही, हे तिला माहीत होतं. पण तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दादानं ते ग्रुपवर टाकलं, 'आमच्या आईची थिअरी: पोरगा अंगणात झोपला होता.' लोक हसून हसून बेजार. पुढं कुणी काही अचाट बोललं की पोरं म्हणायची, ही लातूरवाली थिअरी दिसतेय.

सहावा भाग आला आणि ग्रुपचं वारंच फिरलं. त्यात भावाबहिणीचं जोरदार भांडण होतं आणि धाकटा गड सोडून जातो. आता सगळ्यांना एकच वाटायला लागलं की मिठवाली खोटी पडणार. ऐन वेळी थोरली हाक मारील, आणि तो येईल. धावत येईल. हा विचार ग्रुपवर पहिल्यांदा मी मांडला होता, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही. चांगला लांबलचक लिहिला होता, पुराव्यांसकट. लोकांनी मला डोक्यावर घेतलं. मीही दिवसभर हवेत. दुपारी तशीच स्वयंपाकघरात गेले आणि आत्याला सांगितलं, "बघ तू, तो येणार. तिनं हाक मारली की सगळं भांडण विसरून येणार."

आत्याचा हात थांबला. तव्यावरची भाकरी तशीच राहिली, करपली, धूर निघाला. या बाईची भाकरी करपलेली मी तोवर पाहिली नव्हती.

"येऊ देऊ नको त्याला," ती म्हणाली. जणू ते पुस्तक मीच लिहीत होते.

डबे गेल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली. दादा क्लासला गेला होता. आमच्या नांदेडच्या घरात भिंतीवर एक फोटो आहे, हाफपँटमधला, तेल चोपडून भांग पाडलेला मुलगा. माझा धाकटा काका. तो किल्लारीच्या भूकंपात गेला एवढंच आम्हा पोरांना ठाऊक. वडील त्या वेळी नोकरीला नांदेडला होते, ते त्यावर कधी बोलले नाहीत, आणि आम्ही विचारलं नाही. आत्या तेव्हा नवी नवरी, महालक्ष्म्यांना माहेरी आलेली, ती गणपती विसर्जनापर्यंत राहिली होती.

"आई-दादा शेतात वस्तीला व्हते," ती सांगायला लागली. आई-दादा म्हणजे माझे आजी-आजोबा. "घरी आमी दोघंच. विसर्जनात लई नाचला त्यो. उशीर केला म्हनून मी बोलले. तर रुसला. जेवला न्हाई, अंगनात बैलगाडी व्हती सोडलेली, तिच्यात जाऊन पडला. मी म्हनलं राहू दे. मग जीव राहीना. दव पडायलं व्हतं. दारातून हाक मारली. आला न्हाई. आनिक मारली. सकाळी शिरा करते म्हनले. मला सगळे म्हनायचे, रुसलेल्याला मनवावं तर हिनंच. मनवलं मी. डोळे चोळत चोळत आला, भिंतीकडंला माझ्या गोधडीत शिरला."

तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "दुसऱ्या दिवशी बैलगाडी जशीच्या तशी व्हती. तिला खडासुदिक लागला न्हाई."

मी तिचा हात धरला. पिठानं खरबरीत झालेला हात. त्या घरात हाका का नव्हत्या, परात का वाजायची, धपाटा घालायला ती गल्लीच्या टोकापर्यंत का चालत जायची, हे मला त्या दुपारी कळलं, आणि मी 'घर हाय का शाळा' म्हणाले होते ते आठवून रडू आलं. ती मात्र रडली नाही. माझ्याच डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "मला एवढंच बघायचंय. कुनीतरी हाक मारली, आन् त्यो आला न्हाई. गोष्टीत का व्हईना."

मग वाट बघणं सुरू झालं. सातवा भाग यंदा येणार, पुढच्या वर्षी येणार, लेखक आजारी आहे, लेखकानं लिहिलेलं फाडून टाकलं, अशा वावड्या उठायच्या. बारावी संपली. डॉक्टर मी काही झाले नाही. नांदेडला कॉलेजात शिकवते आणि पोरांना प्रश्नसंचाच्या आत काय आहे ते न बघता सोडून देते. दादा नोकरीला हैदराबादला गेला. ग्रुप तेवढा चालू राहिला, आणि त्यात जो तो आता माझीच थिअरी मांडायचा: तो येणार, मिठवाली खोटी पडणार. कुणी त्याच्या येण्याची चित्रं काढली होती, घोड्यावरून, पावसातून. माझ्याच हातानं पेरलेलं ते सगळं मी न बघताच पुढं सरकवायचे. दुनिया तो यावा म्हणून देव पाण्यात घालून बसली होती, आणि लातूरच्या एका स्वयंपाकघरात एक बाई तो येऊ नये म्हणून थांबली होती. दर फोनवर तिचा एकच प्रश्न, "आलं का गं तुझं पुस्तक?"

आलं एकदाचं. दादानं माझ्याआधी वाचून संपवलं. त्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज बसलेला. शेवट काय ते त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्यानं वाचायच्या आधी शेवट फोडायचा नाही, हा एवढी वर्षं पाळलेला नियम तो मोडणार नव्हता. फक्त म्हणाला, "आईला तू सांग. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." ग्रुप मी मुद्दाम उघडला नाही. दोन दिवस रजा टाकून वाचलं आणि तिसऱ्या दिवशी अहमदपूरमार्गे लातूरची बस धरली. पुस्तक पिशवीत, पिशवी मांडीवर.

आत्या आता थकलीय. डबे बंद केलेत, गुडघे साथ देत नाहीत. दारातच मेथी निवडत बसली होती. पिशवीतलं पुस्तक तिनं पाहिलं. पाणी नाही, चहा नाही, प्रवास कसा झाला नाही.

"आला का त्यो?"

"न्हाई आला," मी म्हणाले.

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "का?"

"रुसला व्हता, आत्या. दुसरं काही न्हाई. नदीच्या पलीकडं धनगरांच्या वाड्यावर जाऊन पडला व्हता. हाक ऐकली त्यानं. कूस बदलली आन् झोपला."

हे खरंच तसंच लिहिलं होतं. फितुरी नाही, तोतया नाही, बहिरा नाही. नंतर ग्रुप उघडला तर लोक लेखकाच्या नावानं खडे फोडत होते. एवढी वर्षं वाट बघायला लावली आणि कारण काय, तर पोरगं रुसलं? ही काय गोष्ट झाली? मी ग्रुप परत बंद केला. असल्या कारणानंही माणसं जगतात आणि मरतात, हे त्यांना कुठल्या भाषेत सांगायचं?

आत्यानं मेथी बाजूला सारली. "थोरलीनं किती हाका मारल्या?"

"एकच."

"एकच?"

"हाव. मग म्हणाली, झोपू द्या त्याला."

"शहानी गं बाई," आत्या म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. "लई शहानी."

पुढचं सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण ती थांबली होती. मी म्हणाले, "पहाटं धरणी हलली, गढी पडली. थोरली आतच व्हती, आत्या. ती गेली."

"जाऊ दे," ती लगेच म्हणाली. "तिला चालतंय."

मग गुडघ्यांवर हात ठेवून उठली, मेथीची पाटी घेतली आणि आत गेली. मी उंबऱ्यावर तशीच बसून राहिले. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, कपबशा वाजल्या. मी परातीची वाट बघत होते.

"ए पोरी," आतून आवाज आला. "चहा झालाय. ये."

बारीक, फाटका, वापर नसलेला आवाज. मला जायचं होतं, पण मी हलले नाही. आनिक एकदा मारते का, ते ऐकायचं होतं.

"अगं, निवायलाय! आलीस का?"

मग मी गेले.