बेदाण्यांचा खटला

मे महिना, १९९५, रविवार, सकाळचे दहा. ठिकाण, नाशिकमधल्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची. तूट चारशे दहा ग्रॅम बेदाणे. हजर चार जण: मी, पत्नी सुनंदा, सासूबाई आणि शेजारचे गांगुर्डे. वकील मी, न्यायाधीशही मीच. आरोपी अजून ठरायचा होता.

या प्रकाराला टीव्हीवरची एक मालिका जबाबदार आहे. दर बुधवारी संध्याकाळी एक खून व्हायचा, भलताच माणूस पकडला जायचा आणि त्याचा वकील भर कोर्टात असे प्रश्न विचारायचा की शेवटच्या पाच मिनिटांत खरा गुन्हेगार घाम पुसत उभा राहायचा. मी गोदामात वजनाच्या नोंदी ठेवणारा माणूस. सतरा वर्षांत माझ्या वहीत एका ग्रॅमची खाडाखोड नाही. तो वकील मला आपल्यातलाच वाटायचा.

सासूबाई दिंडोरीहून आमच्याकडे आल्या होत्या त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. त्यांना मधुमेह. डॉक्टरांनी बजावलं होतं, "महिनाभर गोड बंद. रक्तातली साखर उतरली तरच डोळ्याला हात लावीन." येताना त्यांनी घरच्या मळ्यातले दोन किलो बेदाणे आणले होते. पट्टी सुटली, दिसायला लागलं, की पेढ्यांऐवजी हे वाटायचे, अशी त्यांची इच्छा.

मधुमेही बाई आणि दोन किलो बेदाणे एकाच स्वयंपाकघरात ठेवणं मला धोक्याचं वाटलं. मी डबा बाहेरच्या खोलीत आणला आणि माझ्या खुर्चीलगतच्या तिपाईवर ठेवला. नजरेसमोरची वस्तू चोरीला जात नाही, असं माझं मत होतं. (होतं.)

दर रविवारी मी डब्याचं वजन वजा करून बेदाणे तोलत होतो. पहिल्या रविवारी दोन किलो. दुसऱ्या रविवारी एकशे तीस ग्रॅम कमी. काटा बिघडला असेल म्हणून मी त्यावर मिठाची किलोची पिशवी ठेवली, तर काटा बरोबर. तिसऱ्या रविवारी आणखी एकशे पस्तीस कमी. मी घरात कोणाला काही बोललो नाही, फक्त सगळ्यांच्या जबड्यांकडे बघायला लागलो.

"अहो, जेवताना असं का बघता?" सुनंदाने विचारलं.

"काही नाही. तू दोन्ही बाजूंनी चावतेस का?"

चौथ्या रविवारी एकशे पंचेचाळीस कमी. त्याच आठवड्यातल्या भागात वकिलाने एका साक्षीदार बाईची नजर तपासली होती. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ तिला वाचता येईना, आणि सगळा खटला उलटला. मी त्याच रविवारी कोर्ट भरवायचं ठरवलं.

पहिले गांगुर्डे. हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता, म्हणून दर बुधवारी आमच्याकडे यायचे आणि तिपाईच्या पलीकडेच बसायचे. मी डबा मांडीवर घेतला, झाकण काढून पुरावा सर्वांना दाखवला आणि उलटतपासणी सुरू केली.

"बुधवारी तुम्ही कुठे होतात?"

"इथंच की. तुमच्या शेजारी. सुनंदावहिनींनी चहा दिला, तुम्ही 'गप्प बसा' म्हणालात."

"तुमचा हात कुठे होता?"

"एक कपाला, एक बशीला. तिसरा असता तर बोललो असतो."

"तुम्हाला बेदाणे आवडतात?"

"साहेब, फुकट असले तर आवडतात. पण तुमच्या घरात फुकट काय मिळतं?"

सुनंदा हसली. मी तिला कोर्टाची शिस्त पाळायला सांगितलं. तेवढ्यात सासूबाई मध्येच म्हणाल्या, "गांगुर्डेभाऊंनी डब्याला हात नाय लावला, जावईबापू. उगं माणसाला बोल लावू नका."

साक्षीदार आपणहून पुढे आला होता. मी डबा घेऊनच सावकाश उठलो. तो वकीलही असाच उठायचा.

"आई, समोरच्या भिंतीवर काय आहे?"

"भिंतच हाय."

"भिंतीवर?"

"डाग हाय कायतरी."

"ते कॅलेंडर आहे."

"तुम्ही म्हणता तर असंल."

"ज्यांना कॅलेंडर दिसत नाही, त्यांना गांगुर्ड्यांचा हात कसा दिसला?" मी विजयाने सगळ्यांकडे पाहिलं. "गांगुर्डे नाहीत याची तुम्हाला इतकी खात्री आहे, याचा अर्थ चोर कोण ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि ते फक्त चोरालाच ठाऊक असतं."

सासूबाई उठल्या, भिंत चाचपत आत गेल्या, आणि पिशवीची चेन लावल्याचा आवाज आला.

"झालं समाधान?" सुनंदाचा आवाज इतका हळू होता की मला घाम फुटला. "महिनाभर चहासुद्धा बिनसाखरेचा पितेय ती. मंगळवारी तपासणी आहे, आणि तुम्ही तिला तिच्याच बेदाण्यांची चोर ठरवता? ती गेली तर परत यायची नाही. डोळा तसाच राहील. मग रोज तुम्ही जा दिंडोरीला, तिला हाताला धरून फिरवायला."

सासूबाई पिशवी घेऊन दारात आल्या. म्हणाल्या, "स्टँडवर सोडा मला कुणीतरी. डोळ्याचं राहू द्या. पण जाता जाता एक सांगते. मला दिसत नाय, हे खरं. म्हणून मी टीव्ही बघत नाय, ऐकते. त्यो वकील आवाज चढवतो ना, की डब्याचं झाकण निघतं. साक्षीदार अडखळला की कोणतरी चावतं. आणि खुनी सापडला की तुमच्या खुर्चीतून मोठा सुस्कारा येतो, आणि झाकण लागतं. दर बुधवारी. मला वाटलं, जावयाला कशाला बोलावं."

"हे अनुमान आहे," मी म्हणालो. निदान तसं म्हणायचं होतं. शब्द नीट फुटले नाहीत, कारण तोंडात काहीतरी होतं.

गांगुर्डे खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "साहेब, माझी तपासणी सुरू झाल्यापासून मी मोजतोय. तुम्ही अकरा वेळा डब्यात हात घातलाय. मला वाटलं, पुरावा तपासताय."

सुनंदाने माझ्या हातातून डबा घेतला आणि काट्यावर ठेवला. कोर्ट भरलं तेव्हा बेदाणे होते एक किलो पाचशे नव्वद ग्रॅम. आता एक किलो पाचशे पंचेचाळीस. खटला चालवता चालवता वकिलाने पंचेचाळीस ग्रॅम खाल्ले होते, तेही साक्षीदारांसमोर.

मी सासूबाईंच्या हातातली पिशवी घेतली, आत नेऊन ठेवली आणि त्यांच्या पाया पडलो. "आई, चुकलो. राहा."

"राहते," त्या म्हणाल्या, "पण डबा आता माझ्या उशाला राहील. माझी साखर वाढली तर कळंल तरी. तुमची कोण तपासणार?"

मंगळवारी त्यांची साखर उत्तम निघाली. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. पट्टी सुटली त्या दिवशी त्यांनी आधी कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाल्या, "मागच्या महिन्याचंच पान हाय की." मग बेदाणे वाटायचे म्हणून माझ्याकडून भरपाई मागितली.

एकूण तूट चारशे पंचावन्न ग्रॅम. मी रविवार कारंजाच्या बाजारातून रोख पैसे देऊन पाचशे ग्रॅम बेदाणे आणले. वाटेत, बुधवारच्या भागात पुढे काय होईल याचाच विचार डोक्यात होता. घरी आल्यावर सासूबाईंनी पुडी काट्यावर ठेवली, नव्या डोळ्याने स्वतः काटा वाचला आणि बराच वेळ माझ्या जबड्याकडे बघत राहिल्या.

अखेर सासूबाईंना पोचले ते चारशे साठ ग्रॅम. चारशे पंचावन्न भरपाई, पाच ग्रॅम वर. उरलेले चाळीस ग्रॅम मी वहीत वकिलाची फी म्हणून लिहिले आहेत.